दोन आणि तीनच्या मध्ये

उत्तम,

राख सावडून आलो त्याच सकाळी मी तुझी वांगी उपटली. उपटायचं होतं बांधापलीकडच्या शेषरावचं पीक. त्याच्या शेतात जे उभं असेल ते आडवं करायचं, एवढंच डोक्यात होतं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून कुऱ्हाड डाव्या हातात घेतली आणि त्याच्या कुंपणाच्या बांबूवर घातली. बांबूला काही झालं नाही. कुऱ्हाड उसळली आणि माझ्याच नडगीवर बसली. नडगी धरून एका पायावर नाचलो, आणखी चिडलो, आणि हाताला लागेल ते झाड मुळासकट ओढायला लागलो. तोंडात शिव्या, पायातून रक्त. एक सरी संपवली, दुसरी अर्धी केली, तेव्हा मागून सुमनवहिनींचा आवाज आला.

"भाऊजी, ते वांगे आपले हायेत."

नाचता नाचता मी बांधाच्या अलीकडे आलो होतो.

वहिनींनी पडलेली वांगी पदरात गोळा केली. डोळे सुजलेले, आवाज कोरडा. म्हणाल्या, "सुतक हाय म्हनून. नाईतर आज तुमच्या डोक्याचं भरीत केलं असतं." मी तिथंच सरीत बसलो आणि पहिल्यांदा रडलो. तुझ्या सरणाजवळ मला रडू आलं नव्हतं, तिथं मी शपथ घेण्यात गुंतलो होतो. सगळ्यांसमोर म्हणालो होतो की शेषरावचे दोन्ही हात मोडीन, आणि म्हणताना माझाच एक हात गळ्यात अडकवलेला होता. आपले राठोड मास्तर, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, मला बाजूला घेऊन म्हणाले, "गजाभाऊ, पयले सोताचा जोडून घ्या."

हे तू वाचणार नाहीस, दुसरेच कुणी वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठीही सांगतो. तुला कंटाळा आला तर तू उठून जा. तशी तुला सवय आता लागलीच आहे.

आपली ओळख एका पाटीमुळे झाली. मी वऱ्हाडातल्या मालेगावच्या धान्य बाजारात हर्रास बोलणारा माणूस. ढिगाभोवती व्यापारी उभे राहतात, बोली चढत जाते, थांबली की मी "एक" म्हणतो, मग "दोन", आणि "तीन" म्हटलं की सौदा पक्का. आवाज मोठा आणि वाचन लहान, अशी माझी ख्याती. भाच्याच्या ॲडमिशनसाठी तुमच्या कॉलेजात आलो होतो. एका दारावर पाटी दिसली: 'नवी आवक'. मला वाटलं, कॉलेजनं माल उतरवला असेल. आत गेलो तर तू टेबलावर पाय टाकून बसलेला.

"कशाची आवक हाय?" मी विचारलं.

"डोक्याची," तू म्हणालास.

"काय भाव?"

"भाव मिळून नाई राह्यला, तेच तर बोंब हाय. बस."

मी बसलो. तुझ्यामागच्या कपाटात कापसाच्या व्यापाराचा इतिहास होता, मातीतल्या जिवाणूंवरचा ग्रंथ होता, मेंदूवर होता, बोलीभाषांवर होता. सगळे नवे, कोऱ्या वासाचे, आणि सगळ्यांवर धूळ. ग्रंथपाल म्हणून तू दरवर्षी भांडून ही आवक मागवायचास. प्राध्यापक मंडळी अहवालात पुस्तकांचा आकडा लिहायची आणि घरी जायची. तू मला पहिलं पुस्तक दिलंस ते जनावरांच्या वागणुकीवरचं. ते वाचून मी आमच्या गल्लीतल्या बैलाच्या डोळ्यांत रोखून पाहिलं, कारण तसं पाहिल्यानं बैल शांत होतो असं त्यात लिहिलं होतं. बैलानं मला उचलून नालीत टाकलं. दोन बरगड्या गेल्या. दवाखान्यात तू पुस्तक घेऊन आलास आणि दाखवलंस की माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली होती. सुटलेल्या पानावर स्पष्ट होतं की हा जुना गैरसमज असून त्यानं माणसं मेली आहेत. तू इतका हसलास की नर्सनं तुला बाहेर काढलं.

तू निवृत्त झालास आणि शिरपूर रस्त्यावरच्या तुझ्या शेतात भाजीपाला लावलास. पेन्शनीतून पुस्तकं मागवणं काही सोडलं नाहीस. बाजाराला सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी आपण चौघं तुझ्या शेतातल्या खोपीसमोर बसायचो: तू, मी, राठोड मास्तर, आणि बांधाला बांध लागून शेतातच राहणारा शेषराव. वहिनी चहा द्यायच्या आणि दारात बसून ऐकायच्या. सुरुवातीला मी पुस्तकांचा हर्रास करून पाहिला. जो कमी दिवसांत वाचायचं कबूल करील, पुस्तक त्याचं. तिथं तुझा एक साडू आला होता, त्यानं सर्वांत जाड ग्रंथ "एका दिवसात" म्हणून उचलला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. तू विचारलंस, काय होतं त्यात? तो म्हणाला, "जाड होतं."

मग माझा दात पडला आणि खरा नियम सापडला. काळावरचं ते भौतिकशास्त्राचं पुस्तक होतं. काळ सगळीकडे सारखा चालत नाही, डोंगरावर वेगळा आणि पायथ्याशी वेगळा, हे तू तासभर जीव तोडून समजावत होतास. मी म्हणालो, "आत्ता समजलं, मानोऱ्याची बस रोज उशिरा काहून येते ते." तू हातातला ग्रंथ सरळ माझ्या तोंडावर मारलास. समोरचा दात तुटून अनुक्रमणिकेवर पडला. मी तोंड धरून खाली बसलो, आणि तू धावत आलास. मला वाटलं, माझ्याकडे आलास.

"पुस्तकाले लागलं का पाह्य," तू म्हणालास.

मी तुझी गचांडी धरली. तू माझे केस धरलेस. मास्तरांनी आपल्याला सोडवलं. शेषराव एका बाजूला उभा राहून म्हणाला, "ज्याले लागलं त्यालेच देऊन टाका ते पुस्तक. दात गेला, पुस्तक तरी येईल." तू केस सोडलेस. तुझा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्या दिवशी तू नियम केलास: ज्याले पुस्तक लागलं, त्यानं ते वाचाचं. अन् ज्यानं फेकलं, त्यानं ते आयकाचं, तोंड शिवून. वाचणाऱ्यानं ते आपल्या वऱ्हाडीत सांगायचं, आणि शेवटी पुस्तकाची एक तरी खोट काढून आपली बोली लावायची. मग मी एक, दोन, तीन म्हणायचं. तीनच्या आत कुणाला वरचढ बोलायचं असेल तर बोलावं. तीन झालं की पुस्तक संपलं.

शेषरावच्या तोंडून तो नियम निघाला होता, हे मी विसरू पाहतो. विसरता येत नाही.

दोन आणि तीनच्या मधली जागा कायम तुझीच असायची. मास्तरांना पाठीत बसलेलं पुस्तक स्थलांतरावरचं होतं. मास्तरांनी बोली लावली, "पुस्तकवाला आमाले स्थलांतरित म्हनते. आमी स्थलांतर करत नाई. आमी ऊसतोडीले जातो अन् वापस येतो. वापस येनाऱ्याले दुसरं नाव पाह्यजे." मी "एक" म्हणालो, "दोन" म्हणालो, आणि तू उठून उभा राहिलास, "अन् जे वापस नाई आले, त्याईले काय म्हनता मास्तर?" मग मास्तरांच्या न परतलेल्या चुलत्याची गोष्ट निघाली, आणि सकाळची दुपार झाली. शेषरावच्या गुडघ्यावर मातीचं पुस्तक बसलं होतं. तो म्हणाला, "पुस्तक म्हनते माती मेली. मायी माती मेली नाई, रुसली हाय." मी "दोन" म्हणेपर्यंत तू ओरडलास, "रुसवलं कोनं बे? युरियाचे पोते कोन वाहून राह्यलं?" शेषराव हसला आणि म्हणाला, "तुमच्या बांधावरून वाहतो भाऊ, सोपं पडते."

असं भांडण मला दुसरीकडे कुठं मिळालं नाही. तुझ्या हातून खाल्लेल्या मारावर माझी जी काही अक्कल उभी आहे, ती उभी आहे. माझ्या कानामागे भाषाशास्त्राची खूण आहे, खांद्यावर अर्थशास्त्राची. माझी बायको म्हणते, इतर लोकांची डिग्री भिंतीवर असते.

आता त्या शेवटच्या पुस्तकाकडे येतो. टाळून टाळून आलो आहे.

मराठीतलंच होतं, नवं, हिंसेवरचं. तू ते आधीच वाचून काढलं होतंस आणि आम्हाला नुसती चुणूक देत होतास. त्या लेखकाचं म्हणणं असं की खेड्यातली बरीचशी हिंसा रागाच्या भरात होत नाही. ती आधी मांडून ठेवलेली असते, आणि घडते तेव्हा मांडणारा माणूस घरी झोपलेला असतो. मी लगेच उलट बाजू घेतली. तू उजवं म्हणालास की मी डावं म्हणणार, हे ठरलेलंच.

"हिंसा म्हंजे हात," मी म्हणालो. "हात उचलला तर हिंसा. झोपलेला मानूस काय हिंसा करते?"

"अन् तार?" तू म्हणालास आणि शेषरावकडे बोट दाखवलंस.

शेषरावचा भुईमूग तीन वर्षं रानडुकरांनी उकरून खाल्ला होता. लोक कुंपणाला झटका मशीन लावतात, त्यानं जनावर दचकून पळतं. शेषरावनं तसलं काही न लावता खांबावर आकडा टाकून कुंपणाच्या तारेत सरळ लाईनचा करंट सोडला होता. रोज अंधार पडला की टाकायचा, उजाडलं की काढायचा. तू त्याला कितीदा सांगितलंस. भांडलास, एकदा तर त्याच्या अंगावर धावून गेलास.

"तार म्हंजे राखन हाय," मी म्हणालो. "मानसानं पीक वाचवाचं नाई काय? तारेले काय डोकं असते का मारायचं?"

शेषराव खूश झाला. तंबाखू मळून अर्धी मला दिली. तू लालबुंद झालास आणि पुस्तक उचललंस. मी डोकं झाकलं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "च्या सांडते, मंग मारा," आणि तू पुस्तक खाली ठेवलंस. ते पुस्तक माझ्यावर यायचं होतं, उत्तम. ते मला बसलं असतं तर मला वाचावं लागलं असतं, आणि वाचून कदाचित तुझ्या बाजूनं बोलावं लागलं असतं. उठताना तू एवढंच म्हणालास, "उद्या ये. उद्या तुले पुरतं फाडतो."

मी उजाडल्यावर थोड्याच वेळात आलो. चांगलं उत्तर सुचलं होतं. काय होतं ते आता आठवत नाही.

तू बांधावर पडला होतास. आदल्या दिवशी पाणी भरलेलं, चिखल ओला, एक चप्पल चिखलात रुतलेली आणि त्या पायात काही नाही. तार तुझ्या हाताखाली होती. चारेक हातांवर एक रानडुक्कर पडलेलं, सुळे बाहेर, अंग ताठ. जळालेल्या केसांचा वास येत होता. तो कुणाच्या केसांचा होता, हे मी अजून स्वतःला विचारू दिलेलं नाही. आणि मी काय केलं? मला वाटलं डुकरानं तुला मारलं. मेलेल्या डुकराला शिव्या देत मी माझी चप्पल काढून त्याला फेकून मारली. मग अनवाणी पायानं, ओल्या चिखलातून, तुला उचलायला धावलो.

माझा हात तुझ्या खांद्याला लागणार, तेवढ्यात मनगटावर काठी बसली. हाड मोडल्याचा आवाज मला आला, दुखणं नंतर आलं. शेषराव होता. मी डाव्या हातानं त्याच्या तोंडावर मारलं. त्यानं मला छातीत लाथ घातली आणि मी वांग्यात जाऊन पडलो. तो ओरडत होता, "करंट हाय, भाऊ, करंट हाय अजून." मग तो पळाला आणि वाळक्या बांबूनं खांबावरचा आकडा पाडला. परत आला आणि तुझ्यापासून दूर उकिडवा बसला. त्याच्या सदऱ्यावर पुढून ओलं दिसत होतं. मला वाटलं रक्त आहे. तो सांडलेला चहा होता.

म्हणजे बघ, तुला ज्यानं मारलं त्यानंच मला वाचवलं, आणि तेही हात मोडून. आता या माणसाचं मी काय करू? पोलिसांनी विचारलं, हात कसा मोडला? मी म्हणालो, शेषरावनं काठीनं मोडला. का मोडला, ते मी सांगितलं नाही. ते सांगायला मला वहिनींनी दुसऱ्या दिवशी ठाण्यात परत पाठवलं.

तू त्या सकाळी तिकडं कशाला गेला होतास? विहिरीकडची तुझी वाट दुसऱ्या बाजूनं आहे. तार पाडायला गेला होतास का? की शेषरावशी पुन्हा भांडायला? की माझ्याशी भांडण्याआधी एक पुरावा डोळ्यांनी बघून यायला? आयुष्यभर तू मला पान उघडून दाखवत आलास. हे एक पान तू दाखवलं नाहीस, आणि मी कितीही पानं उलटली तरी ते मला सापडणार नाही.

तेरवी झाली. शेषराव जामिनावर सुटून आला. मी रोज सकाळी उठून शपथेची आठवण करायचो, जशी इतर लोक देवाची करतात. कुठं गाठायचा, कसा पाडायचा, आधी कुठला हात. हर्रास बोलणाऱ्या माणसाला एकट्यानं बोलता येत नाही, म्हणून मी हे बायकोलाही सांगायचो. ती म्हणायची, "आधी सदऱ्याची गुंडी लावून दाखवा."

मग वहिनींचा निरोप आला. पुस्तकं पडून आहेत, बाजाराच्या सुट्टीला या.

मी गेलो. मास्तर मोटरसायकलवर आले होते. खोपीसमोर तीच सतरंजी. तुझी जागा मोकळी, आणि तिच्यावर ते हिंसेचं पुस्तक ठेवलेलं. चहा झाला. तेवढ्यात बांधावर शेषराव दिसला. कुंपणाची तार काढून टाकलेली होती, नुसते बांबू उभे होते. तो त्यांच्या पलीकडे उभा राहिला. अलीकडे आला नाही, परत गेला नाही.

"या ना," वहिनी म्हणाल्या. त्याला म्हणाल्या की आम्हाला, कळलं नाही.

मी उठलो. मास्तरांनी माझा सदरा मागून धरला, तो फाटला. माझ्या हाताला पुस्तक लागलं. उत्तम, मी ते वाचायला घेतलं नव्हतं, आणि तुझा नियमही माझ्या ध्यानात नव्हता. मला त्याला मारायचं होतं. दगड असता तर दगड मारला असता, कुऱ्हाड असती तर कुऱ्हाड. पुस्तक होतं म्हणून पुस्तक. डाव्या हातात जेवढं होतं तेवढं सगळं लावून फेकलं. नेम छातीवर धरला होता, लागलं भुवईवर. कोपऱ्यानं चामडी फाटली. तो गुडघ्यावर बसला आणि रक्त डोळ्यात उतरलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. आणखी काहीतरी फेकायला मिळावं म्हणून मी इकडं तिकडं पाहत होतो.

शेषरावनं चिखलातून पुस्तक उचललं. आधी त्याचा कणा तपासला. मग पानं एकदा फर्रकन सोडून पाहिली आणि बाहीनं चिखल पुसला. भुवईचं रक्त तसंच गळत होतं.

"पुस्तकाले काई नाई झालं," तो म्हणाला.

मी खाली बसलो.

तो पुस्तक छातीशी धरून उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले लागलं, गजाभाऊ. नेऊ का?"

मास्तर माझ्याकडे पाहू लागले. मी वहिनींकडे पाहिलं. त्या दारातून उठल्या, बांधापर्यंत गेल्या. मला वाटलं आता त्या पुस्तक हिसकावून घेतील, आणि घेतलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांनी पदराचं टोक फाडलं आणि त्याच्याकडे फेकलं.

"बांधा ते," त्या म्हणाल्या. "अन् न्या. लागलं त्याले न्याच लागते. वाचून या." मग माझ्याकडे वळल्या. "अन् भाऊजी, तुमाले आयका लागल. तोंड शिवून."

"वहिनी, यानं उत्तमले..."

"मले सांगता?" त्या म्हणाल्या.

त्या दिवशी घरी जाताना मी तुला भर रस्त्यावर शिव्या दिल्या. एसटी स्टँडवरची माणसं वळून बघत होती. दुसऱ्याचे हात मोडायची शपथ घेतलेल्या माणसाला तू मेल्यावरसुद्धा श्रोता करून ठेवलंस. याला काय म्हणावं?

काल तो आला. बांध ओलांडून आला, सतरंजीच्या टोकाला बसला. भुवईवर लाल वण होता. माझं प्लास्टर निघालं होतं आणि हात बारीक, पांढरा, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा दिसत होता. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, मी त्याच्या भुवईकडे. मग त्यानं सांगायला सुरुवात केली.

सांगितलं चांगलं. हे लिहिताना मला राग येतो, पण सांगितलं चांगलं. कोणत्या प्रकरणात काय आहे, लेखक कुठं लांबण लावतो, कुठं स्वतःच घाबरल्यासारखा होतो. धरणांचं आलं, भिंतींचं आलं, वस्तीचं पाणी तोडण्याचं आलं. तो बोलत होता आणि माझी जीभ त्या पडलेल्या दाताच्या खिंडीत जाऊन बसली होती. तीन वेळा मला मध्ये बोलायचं होतं. तीनही वेळा वहिनींनी नुसतं पाहिलं.

मग तो थांबला. पुस्तक मिटलं.

"आता खोट," मास्तर हळूच म्हणाले. "बोली लावा."

शेषरावनं घसा साफ केला. "लेखक म्हनते, असी हिंसा होते तवा मांडनारा मानूस झोपेल असते. इथं खोट हाय." तो जमिनीकडे बघत होता. "मी झोपेल नोतो. उजाडलं होतं. आकडा काढाची येळ होऊन गेली होती. मी उठलो होतो काढाले. बायको म्हने, च्या थंडा होते. मी म्हनलं, पेऊन जातो." त्यानं पुस्तक उचलून पुन्हा खाली ठेवलं. "उत्तमभाऊ बांधाकडे येतानी मले दिसले होते. मले वाटलं, भांडाले येऊन राह्यले. म्हनलं, येऊ दे, आधी च्या पेतो. झोपेल मानसाले मापी असन. मांडनारा जागा असते, भाऊ. तो च्या पेत असते. हे मायी बोली."

वहिनींनी तोंड पदरात घातलं होतं. हे त्यानं पोलिसांना सांगितलं नव्हतं, कोर्टात कुणी विचारलंही नसतं. माझा नवा हात आपोआप मुठीत वळला. तो पूर्ण वळत नाही अजून, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल.

आणि सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण आता बोलायचं काम माझं होतं.

"एक," मी म्हणालो. बाजारातला आवाज काढायला गेलो, तो निघालाच नाही.

"दोन."

आणि थांबलो. तूही थांबला असतास ना? याच्यावर वरचढ बोलणारा आपल्यात एकच होता. मी उजवं म्हणू की डावं, ते सांगायला समोर तू लागतोस. मी तुझ्या जागेकडे पाहत राहिलो. मास्तर पाहत राहिले. शेषरावही तिकडंच पाहत होता, मान खाली घालून, डोळे वर करून, पुस्तक अंगावर येणार आहे हे माहीत असलेला माणूस पाहतो तसा.

ऊन सतरंजीवर आलं. मास्तर मोटरसायकलीवर बसून गेले. शेषराव उठला, पुस्तक तुझ्या जागेवर ठेवलं आणि बांधावरून गेला. वहिनींनी कप उचलले. मला म्हणाल्या, "तीन नाई म्हनलं तुमी."

नाही म्हटलं. म्हणणार नाही. बोली उघडी ठेवली आहे, उत्तम. ऊठ आणि ओरड काहीतरी. शिवी दिलीस तरी चालेल.